शिशाची राखण

आमच्या काकांची गाडी गप्प झाली तेव्हा घरात सगळ्यांना बरंच वाटलं होतं. साल 2001. जुनी पेट्रोल गाडी, ओतीव लोखंडाचं हेड, आणि दीड वर्षापूर्वी बसवून घेतलेला गॅस किट. बोनेटखालची टॅपेटची टकटक ही त्या गाडीची ओळख होती. गल्लीच्या तोंडाशी ती ऐकू आली की काकू चहाचं आधण ठेवायच्या. ती टकटक हळूहळू मंदावली आणि एक दिवस ऐकूच येईनाशी झाली. काका म्हणाले, गॅस मानवला गाडीला. महिन्याभरात सकाळच्या गारठ्यात गाडी सुरू व्हायची बंद झाली. स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरायची, आणि धक्का मारून सुरू झालीच तर तीन सिलिंडरवर थरथरत उभी राहायची.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रींनी हेड उतरवलं, उलटं करून उजेडात धरलं.

"आण्णा, गाडी गप झाली म्हणून खूश झाला हुता न्हवं? आत सीट बसलीया बघा."

एक्झॉस्टचे चारही व्हॉल्व्ह आपापल्या जागी रुतले होते, चिखलात चाक रुतावं तसे. कडेनं नख फिरवलं की पायरी लागत होती. नवे व्हॉल्व्ह घालून भागण्यासारखं नव्हतं, कारण झिजलं होतं ते झाकण नव्हे, ज्यावर झाकण बसतं ते तोंड. मी विचारलं, मग इतकी वर्षं गाडी चालली तेव्हा सीट का नाही बसली? मिस्त्री हेड पुसत म्हणाले, "तवा पेट्रोलात शिसं हुतं."

त्या एका वाक्याचा माग काढत मी पुढे बरीच वर्षं वाचत राहिलो. मिस्त्रींचं म्हणणं खरं होतं. पण वाचता वाचता जे हाती आलं ते मला आजही विलक्षण वाटतं: ते शिसं सीट वाचवावी म्हणून कुणी घातलंच नव्हतं. ज्या राखणदाराच्या भरवशावर जगभरच्या गाड्या पन्नास वर्षं धावल्या, त्याला राखणीला कुणी ठेवलेलं नव्हतं.

आधी सीटचं काम काय ते पाहू. इंजिनातला व्हॉल्व्ह दिसायला लांब दांड्याच्या अळंबीसारखा. त्याच्या टोपीची कड तिरकी घासलेली असते, बहुतेक वेळा 45 अंशांत. हेडमध्ये त्याच तिरकसपणाचं एक कडं असतं, ती सीट. दोघांचा एकमेकांना स्पर्श होतो तो जेमतेम दीड-दोन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि स्प्रिंगच्या जोरानं तितक्याच वेळा सीटवर येऊन आपटतो. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हवरून जळते वायू बाहेर जातात, म्हणून भरधाव गाडीत त्याची टोपी 700 अंशांच्याही वर तापते. ही उष्णता थोडी दांड्यातून गाईडमध्ये उतरते, पण बरीचशी, ढोबळमानानं तीन चतुर्थांश, सीटमधूनच हेडमध्ये आणि तिथून पाण्यात जाते. म्हणजे सीट व्हॉल्व्हला नुसतं टेकू देत नाही, त्याला थंडही ठेवते. व्हॉल्व्ह नीट बसला नाही की त्याची उष्णता निघून जायची वाट बंद होते, आणि मग त्याची कड जळते.

गाडी गप्प का झाली तेही यातच आलं. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि त्याच्या दांड्याचं टोक रॉकरच्या जवळ येतं. दोघांमध्ये मुद्दाम ठेवलेली फट, जाड कागदाच्या दोन-तीन पानांएवढी, कमी कमी होत जाते. टकटक त्या फटीची असते. फट संपली की आवाज संपतो, आणि त्यानंतर व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. टॅपेटचा आवाज वाढला तर काळजी करायला वेळ असतो. आवाज कमी होत गेला तर तो वेळही गेलेला असतो.

आता मागे जाऊ. मोटारगाडीच्या पहिल्या पंचवीस वर्षांत सीट झिजणं हा आजार मानलाच जात नसे, ते रोजचं कर्मच होतं. काही व्हॉल्व्ह पोलादी दांड्यावर ओतीव लोखंडाची टोपी बसवून बनवत. ते वाकत, त्यांना चिरा पडत, कडा खाल्ल्या जात. काही हजार मैलांत व्हॉल्व्ह घासून घ्यायचे हे गाडी घेणाऱ्यानं धरूनच चालायचं. फोर्डच्या मॉडेल टी गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत मालकानं व्हॉल्व्ह कसे घासावेत ते सविस्तर दिलेलं होतं. कामाची रीत आजही तीच आहे. सीटला ग्राइंडिंग पेस्ट लावायची, व्हॉल्व्हच्या टोपीला दांडी जोडायची आणि दोन्ही तळव्यांत धरून ती पुढे-मागे फिरवायची. ताकाची रवी फिरवलेल्या हातांना हे काम शिकवावं लागत नाही.

सीट हेडपासून वेगळी करायची कल्पना रस्त्यावरून आली नाही, आकाशातून आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत गिब्सन आणि सॅम्युअल हेरन हे दोघे हवेनं थंड होणाऱ्या विमान-इंजिनांवर काम करत होते. उष्णता लवकर बाहेर पडावी म्हणून त्यांना सिलिंडरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं हवं होतं. पण अ‍ॅल्युमिनियम मऊ. त्यात थेट कापलेली सीट व्हॉल्व्हच्या माराखाली टिकणं शक्य नव्हतं. म्हणून कठीण धातूचं, तेव्हा मुख्यतः ब्राँझचं, वेगळं कडं त्यात बसवलं गेलं. बसवायची युक्ती आपल्याकडच्या कुठल्याही लोहाराला पटकन कळली असती: बैलगाडीच्या चाकावर धाव चढवायची ती. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, फुगली की लाकडी चाकावर चढवायची, वर पाणी ओतायचं. आकसताना ती चाकाला असं आवळते की खिळ्याची गरज पडत नाही. सीटच्या बाबतीत आवळणारं हेड बाहेर असतं आणि कडं आत असतं, एवढाच फरक. हेड तापवायचं, कडं थंड करायचं आणि झटक्यात आत बसवायचं. हेड निवलं की कडं जन्माचं अडकतं. आज वर्कशॉपमध्ये कडं गार करायला द्रव नायट्रोजन वापरतात, पण तत्त्व धावेचंच.

हेरन 1921 साली अमेरिकेत गेला आणि ओहायो राज्यातल्या डेटन शहरी, मॅक्कुक फील्ड या लष्करी विमान-संशोधन केंद्रात काम करू लागला. तिथं त्यानं एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आतून पोकळ केला आणि त्या पोकळीत सोडियम भरला. सोडियम 98 अंशांना वितळतो. चालत्या इंजिनात तो दांड्यात वर-खाली हिंदकळतो आणि टोपीतली उष्णता दांड्याकडे वाहून नेतो. वैमानिक लिंडबर्गनं 1927 साली अटलांटिक ओलांडला तो ज्या राइट कंपनीच्या इंजिनावर, त्यात हेरनचं बरंच काम होतं.

दुसरी मदत एका वेगळ्याच माणसाकडून आली. इंडियाना राज्यातल्या कोकोमोचा एल्वुड हेन्स हा धातूंचा जाणकार. त्यानं 1907 साली कोबाल्ट आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं, पुढे त्यात टंगस्टन घालून तो आणखी कठीण केला आणि त्याच्या चकाकीवरून, ताऱ्यासाठीच्या लॅटिन शब्दाचा आधार घेऊन, त्याला नाव दिलं स्टेलाइट. घरातल्या सुऱ्या-काट्यांवर डाग पडू नयेत असा धातू त्याला हवा होता, असं सांगतात. लाल तापल्यावरही कठीण राहणारा हा धातू 1930च्या दशकात विमानांच्या व्हॉल्व्हच्या कडांवर आणि सीटवर वितळवून चढवला जाऊ लागला. म्हणजे सीट न बसण्याचा खरा इलाज, वेगळं कडं आणि कठीण धातू, माणसाच्या हाती तेव्हाच आला होता. तो साध्या मोटारगाडीपर्यंत सर्रास पोचायला मात्र अर्धं शतक लागलं.

का लागलं, याचं उत्तरही डेटनमध्येच आहे. हेरन मॅक्कुक फील्डवर व्हॉल्व्ह पोकळ करत होता त्याच वर्षांत, त्याच गावात, जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली थॉमस मिजली हा तरुण अभियंता दुसऱ्याच कोड्याशी झुंजत होता. इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवलं की पेट्रोल अवेळी भडकायचं आणि इंजिन ठोके द्यायचं. हा ठोका थांबवणारा पदार्थ शोधताना मिजलीनं आयोडीन, अ‍ॅनिलीन, सेलेनियम, टेल्युरियम असं काय काय घालून पाहिलं. 9 डिसेंबर 1921 रोजी त्यानं टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग वापरलं. अगदी थेंबभर पुरलं आणि ठोका थांबला. 2 फेब्रुवारी 1923 रोजी डेटनमधल्या एका पंपावर शिसं घातलेलं पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. नाव ठेवलं 'इथिल'. शिसं हा शब्द जाहिरातीत येऊ दिला नाही.

सुरुवातीला हे शिसं व्हॉल्व्हचं शत्रूच ठरलं. जळल्यावर त्याचे ऑक्साइड प्लगवर आणि एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हवर थर धरत, प्लग बंद पडत, व्हॉल्व्ह खाल्ले जात. तेव्हा शिसं धुरातून बाहेर जावं म्हणून त्याच्यासोबत ब्रोमीनचं संयुग घालायला सुरुवात झाली. बहुतेक शिसं ब्रोमाइड होऊन उडून जाऊ लागलं आणि रस्त्यावरच्या हवेत मिसळू लागलं. उरलं ते अगदी पातळ, डोळ्यांना न दिसणाऱ्या लेपासारखं सीटवर बसलं.

त्या लेपानं काय केलं ते समजायला सीट झिजते कशी ते पाहावं लागतं. लाल तापलेला व्हॉल्व्ह लोखंडी सीटवर दाबला जातो तेव्हा दोन्ही पृष्ठभागांवरचे बारीक उंचवटे क्षणभर एकमेकांना चिकटतात, सांधल्यासारखे. व्हॉल्व्ह उठताना सीटचा एखादा कण उपटून घेऊन जातो. तो कण व्हॉल्व्हच्या कडेवर गंजतो आणि खड्यासारखा कठीण होतो. असे खडे साठले की व्हॉल्व्हची कड टाकी लावलेल्या जात्यासारखी होते. स्प्रिंगच्या धक्क्यानं व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी किंचित फिरतोही, आणि मग तो सीट दळू लागतो. शिशाच्या ऑक्साइड-सल्फेटांचा लेप या दोन धातूंमध्ये पडद्यासारखा आला की सांधाच जुळत नाही. पहिला कण उपटला गेला नाही की पुढचं काही घडत नाही. यासाठी शिसं लागतं तेही थोडंसं. लिटरमागे ग्रॅमचा दहावा भागही पुष्कळ होतो. आपल्याकडे पेट्रोलमध्ये एके काळी लिटरला 0.56 ग्रॅमपर्यंत शिसं चालत असे.

या सगळ्यात माणसांची किंमत पहिल्या वर्षापासून मोजली जात होती, आणि ती बाजूला ठेवून हा माग सांगणं मला जमणार नाही. मिजलीला स्वतःला 1923च्या सुरुवातीला शिशाची बाधा होऊन हवापालटाला जावं लागलं. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात टेट्राएथिल लेड बनवणारे 5 कामगार भ्रम होऊन, झटके येऊन मेले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजलीनं पत्रकारांसमोर तेच द्रव्य हातावर ओतून घेतलं आणि मिनिटभर हुंगून दाखवलं. 1925 साली अमेरिकी सरकारनं परिषद भरवली, विक्री काही काळ थांबली, पुन्हा सुरू झाली. मग ते शिसं जगभर गेलं. मेलेल्या कामगारांची आठवण ठेवून कुणी दुसरा मार्ग शोधला असता तर सीटची कथाही वेगळी झाली असती.

तसं झालं नाही. हेरनसुद्धा पुढे इथिल कंपनीतच संशोधनाला गेला. धातूत उत्तर शोधणारा माणूस शिशाच्या घरी पोचला. 1930च्या दशकात अमेरिकेतल्या काही गाड्यांनी एक्झॉस्टला कठीण धातूची वेगळी सीट दिली होती आणि ती जाहिरातींतही सांगितली होती. पण लोखंडी हेडच्या साध्या गाड्यांत तो खर्च टाळता येण्यासारखा होता, कारण लोखंडातच कापलेली सीट आता टिकत होती. ती का टिकते हा प्रश्न विचारायचं कारणच उरलं नव्हतं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं 1489 सीसीचं लोखंडी हेडचं इंजिन याच भरवशावर घडलं, आणि तेच आपल्याकडे अ‍ॅम्बेसिडरच्या बोनेटखाली आलं. त्या पिढीच्या मिस्त्रींना हेड उतरवलं की राख खरवडायची, व्हॉल्व्ह घासायचे आणि हेड परत चढवायचं, एवढंच ठाऊक होतं. सीट बदलायची वेळ फारशी येत नसे.

शिशाला बाहेर काढलं ते दोन वाटांनी. एक वाट क्लेअर पॅटरसन या भूरसायनज्ञाची. त्यानं 1956 साली शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचं वय 455 कोटी वर्षं ठरवलं. ते मोजताना प्रयोगशाळेतल्या प्रत्येक वस्तूवर, धुळीत, पाण्यात त्याला शिसं सापडत राहिलं, आणि ते पृथ्वीचं नव्हे, माणसानं उधळलेलं आहे हे त्यानं 1965 साली जाहीरपणे मांडलं. पुढे 1979 साली हर्बर्ट नीडलमन या बालरोगतज्ज्ञानं मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतलं शिसं मोजून दाखवलं की दातांत शिसं जास्त असलेली मुलं बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडतात. दुसरी वाट यंत्राची होती आणि खरं तर तीच आधी उघडली. 1970 सालच्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्यानंतर धूर कमी करायला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हवा होता, आणि त्यातल्या प्लॅटिनमवर शिशाचा थर बसला की तो निकामी होई. 1975च्या कन्व्हर्टर बसवलेल्या गाड्यांना बिनशिशाचं पेट्रोल अनिवार्य झालं.

राखणदार जायला निघाला तेव्हा कुठे त्याचं काम लोकांच्या लक्षात आलं. चाचण्यांत बिनशिशाच्या पेट्रोलवर जोरात चालवलेल्या लोखंडी सीट झपाट्यानं बसू लागल्या. जनरल मोटर्सनं 1971च्या सुमारास कॉम्प्रेशन कमी केलं आणि हेडमध्ये कापलेल्या सीटवर विजेच्या वेटोळ्यानं क्षणभर उष्णता देऊन वरचा थर पाणी चढवल्यासारखा कठीण करायला सुरुवात केली. इतरांनी वेगळी कडी बसवली. 1920च्या दशकापर्यंत फार्नबरो, कोकोमो आणि मॅक्कुक फील्डवर जे माहीत झालं होतं, ते आता कारखान्यांनी साध्या गाडीसाठी हाती घेतलं.

भारतात हे पंचवीस वर्षांनी घडलं. दिल्लीच्या हवेबाबत सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या एम. सी. मेहता यांच्या याचिकांचा त्यात मोठा वाटा. जून 1994 मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत कमी शिशाचं, लिटरला 0.15 ग्रॅमचं पेट्रोल आलं. 1 एप्रिल 1995 पासून या चार शहरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आणि त्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल, आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून सबंध देशात फक्त बिनशिशाचं पेट्रोल. काकांची गाडी गॅसवर गेली ती याच महिन्यांत. मिस्त्रींनी दोन्ही गोष्टींची सांगड एका वाक्यात घातली होती.

ती सांगड थोडी सोडवून पाहिली पाहिजे. शिसं गेल्यामुळे आपल्याकडच्या सगळ्या जुन्या गाड्या बसल्या असं झालं नाही. शिशाचा जुना लेप काही काळ पुरतो, आणि शहरात तीस-चाळीसच्या वेगानं चालणाऱ्या गाडीचा व्हॉल्व्ह तितका तापतही नाही. नुसत्या बिनशिशाच्या पेट्रोलवर अशा गाड्या वर्षानुवर्षं चालल्या. सीट बसते ती लांब पल्ला, चढता घाट, भरलेली गाडी आणि सतत जास्त फेरे यांनी. आणि गॅसनं. सीएनजी आणि एलपीजी इंजिनात कोरडे येतात. पेट्रोलचे बारीक तुषार इनटेकच्या व्हॉल्व्हला आणि सीटला धुतात, गार करतात; गॅसमध्ये तुषारच नसतात. त्यात गॅसचं प्रमाण कमी ठेवलं, किंवा इग्निशनचं टायमिंग चुकलं, तर एक्झॉस्ट आणखी तापतो. पेट्रोलवर सुखानं टिकणारी इनटेकची सीटही गॅसवर झिजू शकते. मुंबईत महानगर गॅसची स्थापना 1995 सालची. पुढच्या काही वर्षांत न्यायालयाच्या आदेशांनी तिथल्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या सीएनजीवर आल्या. हवेसाठी ते आवश्यक होतं आणि योग्यही होतं. ज्या इंजिनांना कठीण सीट नव्हत्या, त्यांच्यासाठी मात्र शिसं जाण्यापेक्षा हा बदल जड गेला.

शिशाच्या जागी दुसरं काही पेट्रोलमध्येच घालावं, हा मोह साहजिक होता. ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 2000 पासून शिशाच्या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पोटॅशियम घातलेलं वेगळं पेट्रोल पंपावर आलं, आणि खप कमी झाल्यावर काही वर्षांत बंदही झालं. जुन्या गाड्या जपणाऱ्या मंडळांच्या महासंघानं बाटलीतून विकल्या जाणाऱ्या द्रव्यांच्या रीतसर चाचण्या करून घेतल्या. त्यात सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस आणि मँगनीज यांच्यावर आधारलेली काही द्रव्यं खरी उतरली. ज्याच्याकडे वर्षातून पाचशे किलोमीटर चालणारी जपलेली गाडी आहे, त्यानं अशी बाटली वापरावी, माझी हरकत नाही. रोज चालणाऱ्या गाडीचं मात्र उत्तर टाकीत शोधू नये. ते हेडमध्येच असायला हवं.

आजच्या गाडीत ते असतं. हल्लीची सीट बहुधा धातूच्या भुकटीची असते: लोखंडाच्या भुकटीत क्रोमियम, मॉलिब्डेनम, कोबाल्टचे कठीण कण मिसळतात, साच्यात दाबतात, भट्टीत भाजतात. दाण्यांमधल्या पोकळ्यांत कधी तांबं मुरवतात, म्हणजे उष्णता लवकर वाहून जाते. वंगणासारखं काम करणारे घन पदार्थही भुकटीतच मिसळलेले असतात. गॅससाठी बनवलेल्या सीटमध्ये त्यांचं प्रमाण जास्त ठेवतात. या सीटच्या वंशावळीत एक टप्पा असाही आहे की काही कारखान्यांनी त्या पोकळ्यांत शिसंच मुरवलं होतं. पेट्रोलमधून हाकललेलं शिसं सीटच्या पोटात जाऊन बसलं. शेवटी 2000 सालच्या युरोपीय निर्देशानं गाडीच्या घडणीतल्या शिशावर बंधन आणलं, त्यात सीटना थोडी मुदत मिळाली, आणि शिशाला तिथूनही निघावं लागलं.

सीटची गोष्ट आकाशातून सुरू झाली होती, तिथं ती अजून संपलेली नाही. लहान विमानांच्या पेट्रोलमध्ये आजही शिसं आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा विद्यापीठाच्या वैमानिक-शाळेनं जून 2023 मध्ये आपली विमानं बिनशिशाच्या पेट्रोलवर नेली. नेमानं मोजमाप घेणाऱ्या त्यांच्या तंत्रज्ञांना काही महिन्यांतच एक्झॉस्टच्या सीट बसत असल्याचं दिसलं, आणि ऑक्टोबरमध्ये शाळा पुन्हा शिशाच्या पेट्रोलवर गेली. इंजिन बनवणाऱ्यांच्या तपासात असं पुढे आलं की शिसं नसलेल्या इंधनात अ‍ॅरोमॅटिक घटकांचं प्रमाणही महत्त्वाचं ठरतं. रस्त्यावर मात्र शिशाचा शेवट झाला: जुलै 2021 मध्ये अल्जीरियानं विक्री थांबवली आणि मोटारींसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा देश जगात उरला नाही.

नॉर्थ डकोटातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथं एकही विमान पडलं नाही, कारण कुणीतरी ठरल्या वेळी फट मोजत होतं आणि आकडा लिहून ठेवत होतं. सीट एका रात्रीत बसत नाही. ती आधी सांगते, पण आवाजानं सांगत नाही, आकड्यानं सांगते. ज्या गाडीत हायड्रॉलिक टॅपेट आहेत तिथं तर ती आवाजानं कधीच सांगणार नाही, कारण तेलाच्या दाबावर चालणारं ते टॅपेट झीज स्वतःच भरून काढतं आणि त्याची हद्द संपेपर्यंत काही कळू देत नाही. तिथं वर्षातून एकदा कॉम्प्रेशन तपासणं हाच उपाय.

काकांच्या हेडमध्ये मिस्त्रींनी चार नवी कडी बसवली. जुनी सीट कटरनं काढून गोल खाच पाडली, हेड भट्टीत तापवलं, कडं बर्फात ठेवून आत ठोकलं, मग 45 अंशांत सीट कापली आणि निळी लावून व्हॉल्व्हचा स्पर्श सगळ्या बाजूंनी सारखा येतो का ते तपासलं. निळीचं कडं एका जागी तुटलं होतं, म्हणून पुन्हा घासलं. इनटेकच्या चार सीटनाही त्यांनी हात लावावा म्हणून मी आग्रह धरला नाही, तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं. आज धरला असता. गाडी बाहेर पडली ती टकटक करत. काकांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात वही ठेवली. दर पाच हजार किलोमीटरला फिलर गेज घालून आठही व्हॉल्व्हची फट मोजायची आणि तारखेसह लिहायची. एक्झॉस्टच्या चार आकड्यांत पुढे कधी फरक पडला नाही.

तुमच्याकडे जुनी गाडी गॅसवर चालत असेल, मग ती रिक्षा असो, टॅक्सी असो की घरची गाडी, तर पुढच्या सर्व्हिसिंगला मिस्त्रींना टॅपेटची फट आधी मोजायला सांगा आणि सेट नंतर करायला सांगा. मोजल्याशिवाय सेट केली की झीज किती झाली याचा पुरावाच पुसला जातो. आकडा लिहून ठेवा. एखाद्या व्हॉल्व्हची फट दोन-तीन वेळा सलग कमी भरली तर थांबू नका, हेड उतरवून घ्या. आणि हेड उतरलंच आहे तर नुसते व्हॉल्व्ह घासून परत चढवू नका. गॅससाठीची कठीण सीट मागा, इनटेकला आणि एक्झॉस्टला, दोन्हीकडे.